अंब्रेला पाम आणि पपायरस : लागवड, पाणी आणि निगा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून तुम्ही नेलेलं रोप पाण्यात पाय सोडून वाढणारं आहे. हे अगदी पहिल्याच ओळीत लिहायला कारण आहे. अंब्रेला पाम वाळला म्हणून परत येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "अहो, एक दिवसाआड न चुकता पाणी घालत होतो!" एक दिवसाआड पाणी तुळशीला ठीक आहे, अडेनियमला तर तेही जास्तच. या रोपाची मात्र तेवढ्यावर उपासमार होते. कुंडीत पाणी साचू देऊ नका, खालचं भोक बुजू देऊ नका, माती भुसभुशीत ठेवा, असं इतर झाडांच्या बाबतीत आम्हीच तुम्हाला बजावत असतो. इथे ते सगळं बाजूला ठेवायचं.

नावात पाम असला तरी हा पाम नाही. शास्त्रीय नाव सायपेरस अल्टरनिफोलियस. काही जण सायपेरस इन्व्होल्युक्रेटस असंही लिहितात. मूळचा मादागास्कर आणि आफ्रिकेतला, ओढ्याकाठचा, दलदलीचा रहिवासी. कुळ आपल्या लव्हाळ्याचं आणि नागरमोथ्याचं. शेती असणाऱ्या ग्राहकांच्या कपाळावर नागरमोथ्याचं नाव काढताच आठ्या पडतात, म्हणून सांगतो: याला तशा जमिनीत पसरणाऱ्या गाठी नसतात. जमिनीलगत आखूड खोड असतं, त्यातून एकेक देठ वर येतो आणि झुडुपाचा घेर वाढतो. कुंडीत दोन ते चार फुटांपर्यंत उंची सहज मिळते.

देठाच्या टोकाला गोल पसरलेली जी पानं दिसतात, ती फुलोऱ्याखालची छदं आहेत. खरी पानं देठाच्या अगदी बुडाशी तपकिरी पापुद्र्यासारखी चिकटलेली असतात, नखाने उचलून पाहिलंत तर दिसतील. अन्न तयार करण्याच्या कामात हिरव्या देठाचाही मोठा वाटा असतो. त्यामुळे शेंडा मोडला तरी देठ हिरवा आहे तोवर कापायची घाई नको.

दुसरीकडे कुठे 'अंब्रेला' मागितलंत तर शेफ्लेराही हाती पडू शकतं. जाड, चकचकीत, हाताच्या पंजासारखी पानं असतील तर ते शेफ्लेरा. त्याला हे पत्रक लागू करू नका, मुळं कुजतील.

कुंडी आणि माती

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही सांगतो ती सगळ्यात सोपी पद्धत अशी: नेहमीची भोकाची कुंडी घ्या आणि ती पाणी भरलेल्या खोलगट घमेल्यात किंवा टबात ठेवा. घमेल्यात दोन-तीन इंच पाणी असलं की भोकातून ते वर शोषलं जातं. फायदा हा की कुंडी उचलून घमेलं घासता येतं. बंगला असेल, अंगणात जागा असेल तर बिनभोकाची नांद किंवा सिमेंटचा टब जास्त शोभतो. त्यात दोन-तृतीयांश माती, वर जाडी वाळू किंवा बारीक खडीचा थर, आणि पाणी त्या खडीच्या किंचित खालपर्यंत. कमळाच्या हौदात ठेवायचं असेल तर कुंडीचा काठ पाण्याच्या पातळीला येईल अशा बेताने खाली विटा रचा. पूर्ण बुडवू नका.

मातीच्या बाबतीत नाशिककरांची चैन आहे. जी चिकट काळी माती बाकीच्या कुंड्यांना नको असते, तीच इथे कामाची. निम्मी काळी माती, निम्मा पोयटा आणि एक-दोन मुठी गांडूळखत, बस्स. कोकोपीट घालू नका, ते पाण्यावर तरंगतं आणि टबभर पसरतं. कच्चं शेणखत तर मुळीच नको. साचलेल्या पाण्यात ते सडतं आणि दोन दिवसांत बाल्कनीत उभं राहवत नाही.

वजनाचा अंदाज आधी घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात ओली काळी माती. मोठी नांद एकदा भरली की हलवता येत नाही, तेव्हा जागा ठरवूनच भरा.

कोणतं पाणी

महापालिकेचं नळाचं पाणी बिनधास्त घाला. अडचण येते ती बोअरच्या जड पाण्याने, आणि त्याहून जास्त आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने. ते पाणी फेकवत नाही हे आम्हालाही कळतं, पण फिल्टरने गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. इतर कुंड्यांतून जादा पाणी खालून निघून जातं आणि थोडेफार क्षार धुपून जातात; इथे पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साठत राहतात. छदांची टोकं आधी पिवळी, मग करकरीत तपकिरी होतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. दोन्ही एकदम दिसलं की पाणी बदला. आरओचं पाणी फरशी पुसायला वापरा.

टोकं फक्त एप्रिल-मेमध्ये करपत असतील आणि काठावर पांढरं काही नसेल, तर दोष कोरड्या हवेचा आहे. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडा. पावसाळ्यात टब उघड्यावर ठेवलात तर पावसाच्या पाण्याने साठलेले क्षार धुऊन निघतात. त्यासारखं औषध नाही.

डासांचं काय?

हा प्रश्न रोप नेण्याआधी विचारला पाहिजे, आणि हल्ली सोसायट्या विचारतातही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून घमेल्यातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. काथ्याने किंवा ब्रशने कडा खरवडून घासा. घरात पाण्याची पिंपं कोरडी करायचा जो दिवस पाळता, त्यालाच हे काम जोडा.

नांदेत हे जमत नाही. तिथे वर सांगितलेला खडीचा थर कामाला येतो: पाणी खडीच्या खाली राहिलं की डासाला उघडं पाणीच मिळत नाही. कमळाच्या हौदात अळ्या खायला गप्पी मासे सोडता येतात, पण मग त्या पाण्यात फवारणीचं औषध पडता कामा नये.

ऊन आणि थंडी

सकाळचं ऊन येणारी पूर्वेची बाल्कनी उत्तम. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रोप मरत नाही, पण देठ लांबट होऊन उजेडाकडे कलतात आणि मध्येच मोडतात. आत ठेवायची हौस असेल तर दोन रोपं घ्या आणि आलटून पालटून आत-बाहेर करा. (हे विक्री वाढवायला लिहिलेलं नाही. पुढे छाटणीबद्दल वाचलंत की दुसरं रोप फुकट कसं होतं ते कळेल.) पश्चिमेच्या भिंतीलगत मात्र मे महिन्यात जपा. पारा चाळिशीला टेकला की टबातलं पाणी तापतं आणि उथळ घमेलं संध्याकाळपर्यंत कोरडं पडतं.

थंडीची भीती शहरात फारशी नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते, रंग फिका पडतो, इतकंच. निफाड, दिंडोरीकडे नेणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. ज्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या रात्री कुंडी पडवीत घ्या. वरचा भाग करपला तरी बुडखा शाबूत असेल तर फेब्रुवारीत नवे फुटवे येतात.

छाटणी

एक-दीड वर्षात झुडूप मध्यभागी पिवळं आणि गचपण दिसायला लागतं. इथे ग्राहकांचा हात आखडतो. द्राक्षबागेची एप्रिलमधली खरड छाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजावून सांगावं लागत नाही: हिरवं दिसतंय म्हणून राखून ठेवलं की पुढचं वाया जातं. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरली की, जुने देठ जमिनीपासून दोन बोटं ठेवून धारदार कात्रीने कापून टाका. अर्धवट उंचीवर कापू नका, तो देठ पुन्हा फुटत नाही, नुसता खुंट वाळत राहतो. छाटणीनंतर पाणी कायम ठेवा. महिनाभरात फुटवे दिसतील. तेव्हा एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. त्याहून जास्त दिलंत तर झाडाआधी टबातलं शेवाळच माजतं.

कापलेले देठ मात्र फेकू नका. निरोगी, पूर्ण उमललेला शेंडा निवडा, दोन इंच देठ ठेवून कापा आणि छदं कात्रीने निम्मी करा. आता तो शेंडा उलटा धरा, म्हणजे देठ वर आणि छत्री खाली, आणि पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवा. ओढ्याकाठी याचे देठ वाकून शेंडा पाण्यात टेकतो आणि तिथेच मूळ धरतो, आपण तेच घरात घडवतो. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत छत्रीच्या मधोमध, छदं जिथे जुळतात तिथे पांढरी मुळं आणि हिरवे कोंब दिसतात. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की ओल्या मातीत लावा.

पपायरस नेला असेल तर

पपायरस, म्हणजे सायपेरस पपायरस, हा याचाच थोरला भाऊबंद. प्राचीन इजिप्तमध्ये याच्या देठातल्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून लिहायचा कागद करत. नैसर्गिक दलदलीत तो पंधरा फुटांपर्यंत जातो, टबातही माणसाच्या उंचीला येतो. त्याला दिवसभर ऊन आणि मोठा टब लागतो, आणि वारा अजिबात सोसत नाही; चौथ्या-पाचव्या मजल्यावर देठ मोडलेच म्हणून समजा. थंडीतही तो जास्त नाजूक. शेंडा पाण्यात उलटा ठेवायच्या युक्तीचा पपायरससाठी भरवसा धरू नका, बुडखा विभागूनच रोपं करा. फ्लॅटसाठी आमचा कौल साधारण दोन फुटांवर थांबणाऱ्या बुटक्या पपायरसला आहे.

कीड फारशी लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पानं धुरकट दिसतात. पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. छदांच्या बेचक्यात मिलीबगचा कापूस दिसला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब साबण, गप्पी मासे आधी बाहेर काढून. घरात मांजर असेल तर ती कोवळे शेंडे कुरतडणारच. तिला बाधत नाही, शोभा तेवढी जाते.

रोप घरी नेल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन देठ पिवळे पडले तर ते जागाबदलामुळे. त्यासाठी धावत येऊ नका. पाणी भरलेलं असूनही नवा कोंब काळा पडत असेल, तर मात्र कुंडीसकट घेऊन या.

आणि एक विनंती. रोप वाढून जास्त झालं तर नाल्यात, नासर्डीत किंवा गोदावरीच्या काठी टाकू नका. अनेक उष्ण देशांत हे रोप बागेतून निसटून ओढ्यांत माजलं आहे, आणि आपल्या नदीला पाणवेलींचं ओझं आधीच पुरेसं आहे. जादा बुडखे आमच्याकडे आणून द्या, बदल्यात कुठलंही एक हंगामी फुलझाड घेऊन जा.