दोन मलोन: मोझेस आणि कार्ल

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या इतिहासात मलोन आडनावाचे दोन महान खेळाडू झाले, आणि त्यांच्यात इतके साम्य आहे की नव्या वाचकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोघेही उंच आणि धिप्पाड होते, दोघांचाही खेळ बास्केटच्या जवळ चाले, दोघांनाही हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार एकाहून अधिक वेळा मिळाला आणि दोघेही हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलमधील थोरांच्या मानयादीत आहेत. इतकेच नव्हे, तर दोघांचीही व्यावसायिक कारकीर्द युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी या एकाच शहरातून सुरू झाली. त्यांच्यात नाते मात्र कोणतेही नाही. गोंधळात भर घालणारा जेफ मलोन नावाचा तिसरा खेळाडूही होता. तो वॉशिंग्टनमध्ये मोझेसचा आणि युटामध्ये कार्लचा संघसहकारी होता.

या दोघांतला फरक सांगताना बहुतेक जण एकच खूण सांगतात: मोझेसने विजेतेपद जिंकले, कार्लला ते कधीच मिळाले नाही. माहिती म्हणून हे खरे आहे. पण त्यावरून मोझेसला श्रेष्ठ आणि कार्लला कनिष्ठ ठरवले जाते, तेव्हा खेळाडूची थोरवी आणि संघाचे विजेतेपद या दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या जातात. त्या एक नाहीत याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खुद्द मोझेसच्या कारकिर्दीत सापडतो.

मोझेस मलोनचा जन्म १९५५ साली व्हर्जिनिया राज्यातील पीटर्सबर्ग या गावी झाला. १९७४ मध्ये महाविद्यालयाची वाट न धरता तो शाळेतून थेट व्यावसायिक खेळात उतरला. एनबीएची प्रतिस्पर्धी असलेल्या एबीए या स्पर्धेतील युटा स्टार्स हा त्याचा पहिला संघ होता. तो संघ पुढच्याच हंगामात बंद पडला आणि १९७६ मध्ये एबीएही एनबीएत विलीन झाली. दोनतीन संघांच्या हातांतून फिरत मोझेस ह्यूस्टन रॉकेट्सकडे आला आणि तिथे त्याच्या खेळाला खरा बहर आला. त्याचे मुख्य बळ रीबाउंडमध्ये, म्हणजे नेम चुकून उडालेला चेंडू पकडण्यात होते, आणि त्यातही आपल्याच संघाचा नेम चुकल्यावर उडालेला चेंडू परत मिळवण्यात. उंचीच्या बाबतीत त्याच्या तोडीचे किंवा त्याहून उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे खेळाडू, अनेक होते. तथापि नेम चुकण्याआधीच चेंडू कुठे उडेल याचा अंदाज बांधणे, मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या बाजूने आत शिरणे, खांदा लावून जागा धरणे आणि एकदा हुकले तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उडी मारणे, हे सारे त्याच्याइतक्या चिकाटीने करणारा दुसरा कोणी नव्हता. १९७८-७९ च्या एका हंगामात त्याने असे ५८७ आक्रमक रीबाउंड मिळवले आणि हा विक्रम अजून अबाधित आहे. त्या वर्षी तो पहिल्यांदा एमव्हीपी ठरला.

१९८१ मध्ये ह्यूस्टनने नियमित हंगामात ४० सामने जिंकले आणि ४२ गमावले, म्हणजे जिंकण्यापेक्षा हरण्याचेच प्रमाण अधिक होते. तरीही मोझेसच्या बळावर या संघाने पहिल्याच फेरीत गतविजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सला बाहेर काढले आणि थेट अंतिम मालिका गाठली. तिथे लॅरी बर्डच्या बॉस्टन सेल्टिक्सने त्यांना ४-२ असे हरवले. पुढच्या हंगामात मोझेसने सामन्यामागे सरासरी ३१.१ गुण आणि १४.७ रीबाउंड मिळवले आणि दुसऱ्यांदा एमव्हीपीचा मान मिळवला. ह्यूस्टनचे आव्हान मात्र प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत संपले. कारकीर्द तिथेच थांबली असती, तर आज मोझेसचेही नाव ‘विजेतेपदाविना राहिलेला महान खेळाडू’ याच यादीत घेतले गेले असते.

१९८२ च्या सप्टेंबरात तो फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे गेला. हा संघ १९७७, १९८० आणि १९८२ अशा तीन अंतिम मालिका हरलेला होता. ज्युलियस अर्व्हिंगसारखा अलौकिक खेळाडू असूनही प्रतिस्पर्ध्यांच्या उंच खेळाडूंना आवर घालणारा सेंटर त्यांच्याकडे नव्हता. मोझेस आल्यावर काय झाले, हे दोन आकड्यांवरून कळते. फिलाडेल्फियाने त्या हंगामात ८२ पैकी ६५ सामने जिंकले, आणि त्याला गमावलेल्या ह्यूस्टनला ८२ पैकी अवघे १४ जिंकता आले. प्लेऑफपूर्वी मोझेसने ‘चार, चार, चार’ असे तीन शब्दांत भाकीत केले होते. म्हणजे तिन्ही फेऱ्या आपण एकही सामना न हरता, प्रत्येकी चार सामन्यांत जिंकू. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत मिलवॉकीने एक सामना घेतला, तेवढाच. अंतिम मालिकेत लेकर्सचा ४-० असा पाडाव झाला, आणि तिसऱ्यांदा हंगामाचा एमव्हीपी ठरलेला मोझेस त्या मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९८२ चा मोझेस आणि १९८३ चा मोझेस यांच्यात फरक काय पडला होता? दोन्ही वर्षी तो एमव्हीपी होता, आणि गुणांची सरासरी तर फिलाडेल्फियात उलट ३१.१ वरून २४.५ वर आली होती. बदलला तो भोवतालचा संघ. अर्व्हिंग, मॉरिस चीक्स आणि अँड्र्यू टोनी हे तिघेही त्या वर्षीच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेले होते, आणि राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरणाऱ्या बॉबी जोन्सला त्या भूमिकेसाठीचा पुरस्कार मिळाला होता. शिवाय लेकर्सचा जेम्स वर्दी पाय मोडल्यामुळे अंतिम मालिकेत खेळूच शकला नाही. त्यामुळे मोझेसचे श्रेय कमी होत नाही, कारण त्याच्यावाचून हाच फिलाडेल्फिया संघ तीनदा कमी पडला होता. पण विजेतेपद त्याच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हते. पुढच्याच वर्षी, जवळजवळ त्याच खेळाडूंचा तोच संघ पहिल्या फेरीत न्यू जर्सी नेट्सकडून हरला. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाने मोझेसला वॉशिंग्टनला देऊन जेफ रूलंडला आणले, आणि दुखापतीमुळे रूलंड त्या हंगामात जेमतेम ५ सामने खेळू शकला. मोझेस त्यानंतर आणखी अनेक हंगाम खेळत राहिला, पण पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचला नाही.

कार्ल मलोनची कहाणी वेगळ्या वळणाने जाते. १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातील समरफील्ड येथे जन्मलेल्या कार्लला १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, युटा जॅझने तेराव्या क्रमांकावर निवडले. मोझेस सेंटर होता, कार्ल पॉवर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा दणकट खेळाडू. मोझेस बास्केटखालच्या गर्दीत राहून झगडे. कार्ल त्या गर्दीत ताकदीने खेळत असेच, शिवाय त्या देहयष्टीच्या मानाने विलक्षण वेगाने धावे आणि पुढेपुढे लांबून नेम साधण्यातही तयार झाला. संघसहकारी जॉन स्टॉकटनने चेंडू घेऊन यावे, कार्लने स्टॉकटनच्या मागावरच्या बचावपटूची वाट अडवावी आणि लगेच बास्केटकडे वळून पास घ्यावा, हा डाव त्या दोघांनी वर्षानुवर्षे खेळला. काय होणार हे समोरच्या संघाला ठाऊक असूनही तो रोखणे कठीणच राहिले. युटाकडून १८ हंगामांत कार्लचे केवळ १० सामने हुकले. ११ हंगाम सलग तो एनबीएच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला आणि ३६,९२८ गुणांसह निवृत्त झाला, तेव्हा एकूण गुणांत त्याच्यापुढे फक्त करीम अब्दुल-जब्बार होता.

१९९७ आणि १९९८ या लागोपाठच्या दोन वर्षी युटाने अंतिम मालिका गाठली आणि दोन्ही वेळा मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने ती ४-२ अशी जिंकली. या दोन मालिकांतील दोन क्षण कार्लच्या नावाला कायमचे चिकटले आहेत. १९९७ च्या पहिल्या सामन्यात गुण ८२-८२ असे बरोबरीत आणि ९.२ सेकंद शिल्लक असताना त्याचे दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे नेम, चुकले, आणि अखेरच्या क्षणी जॉर्डनने बास्केट करून सामना नेला. १९९८ च्या सहाव्या सामन्यात युटा एका गुणाने पुढे असताना जॉर्डनने कार्लच्या हातातला चेंडू मागून येऊन काढून घेतला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन विजयी बास्केट केली. अंतिम गुण ८७-८६. हे अपयश कार्लचेच होते आणि त्याच्या चाहत्यांनीही ते नाकारू नये. १९९७ चा एमव्हीपी तोच होता, नियमित हंगामात त्याची सरासरी २७.४ गुणांची होती, आणि अंतिम मालिकेत ती खाली आली हेही खरे आहे. मात्र त्याच १९९८ च्या मालिकेत शिकागोच्या मैदानावर पाचवा सामना वाचवताना त्याने ३९ गुण केले होते, आणि ज्या सहाव्या सामन्यात चेंडू गेला त्यातही त्याचे ३१ गुण होते. एक चेंडू हातातून निसटतो आणि एवढे सारे स्मरणातून पुसले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

समोर कोण होते, हेही विसरता येत नाही. १९९७ चा शिकागो संघ नियमित हंगामात ६९ सामने जिंकून आला होता. त्याच दशकात चार्ल्स बार्कलीचा फिनिक्स १९९३ मध्ये याच संघापुढे अंतिम मालिका हरला. पॅट्रिक युइंगच्या न्यूयॉर्कला तर शिकागोने अनेकदा वाटेतच अडवले. एका पिढीतील इतके थोर खेळाडू एकाच वेळी मनाने दुबळे होते असे मानण्यापेक्षा, जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन यांच्या संघापुढे फारशी वाट मोकळी राहत नव्हती असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. स्टॉकटन निवृत्त झाल्यावर २००३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, कार्ल कमी पैशांत लेकर्सकडे गेला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा जवळजवळ निम्मा हंगाम वाया गेला. अंतिम मालिकेत तोच गुडघा पुन्हा दुखावला, शेवटचा सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला आणि डेट्रॉइटने लेकर्सला ४-१ असे हरवले.

विजेतेपदांची संख्या हेच थोरवीचे माप धरले, तर सात विजेतेपदे जिंकणारा रॉबर्ट होरी या दोन्ही मलोनांच्या फार वर बसतो. निर्णायक क्षणी नेम साधणारा होरी उत्तम खेळाडू होता, पण त्याची कारकिर्दीतील सरासरी सामन्यामागे सुमारे ७ गुणांची आहे आणि त्याला मोझेसच्या वर ठेवावे असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. मग तेच माप फक्त कार्लला लावण्याचे कारण उरत नाही.

दोघांची तुलना करायचीच असेल तर ती खेळावरूनच करावी. ऐन भरातला मोझेस मला अधिक मोठा वाटतो, कारण १९७९ ते १९८३ या पाच वर्षांत तीनदा एमव्हीपी होताना त्याने एका सामान्य संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेले आणि एका उत्तम संघाला जवळजवळ अजिंक्य केले; १९८३ चे विजेतेपद मिळाले नसते तरी माझे हे मत बदलले नसते. संपूर्ण कारकीर्द पाहिली तर सातत्यात कार्ल सरस ठरतो, आणि गुणांच्या बाबतीत तर निःसंशय. रीबाउंडमध्ये मोझेसशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. फ्री थ्रोच्या यादीत मात्र हे दोघे दीर्घकाळ शेजारी होते. पहिल्या हंगामात निम्मेही फ्री थ्रो न साधणाऱ्या कार्लने सरावाने हात सुधारला आणि कारकिर्दीत ९,७८७ फ्री थ्रो साधून विक्रम केला. एनबीएच्या त्याच यादीत ८,५३१ यशस्वी फ्री थ्रोंसह मोझेस दीर्घकाळ दुसऱ्या स्थानी होता. बास्केटखाली अंगावर धक्के झेलून फाउल मिळवण्याची तयारी या दोघांइतकी क्वचितच कोणी दाखवली.