समुपदेशकाचे गुण आणि एका शब्दाचा घोळ

समुपदेशन शिकणाऱ्यात कोणते गुण हवेत, ही चर्चा आज जिथे आहे तिथे ती १९५७च्या एका लेखाने आणली. क्लायंटमध्ये, म्हणजे मदत घ्यायला आलेल्या माणसात, बदल घडायला सहा अटी आवश्यक आणि पुरेशा आहेत, असा त्याचा दावा होता. 'पुरेशा' या शब्दावर पुढे बराच वाद झाला. या सहांतल्या तीन अटी थेट समुपदेशकाच्या वृत्तीबद्दल आहेत: आतबाहेर एक असणं, विनाअट स्वीकार आणि एम्पथी.

एम्पथी हा शब्द इंग्रजीतही १९०९चा, जर्मनवरून घडवलेला. मराठीत त्याला आधी 'सहानुभूती' म्हणून पाहिलं, पण सहानुभूती म्हणजे आपल्याकडे हळहळ. 'समानुभूती' पुस्तकांत रुळली, तरी तीही फसवते: 'समान' म्हटलं की मलाही तेच वाटायला हवं, असं शिकणाऱ्याला वाटतं. मूळ अट अशी की समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं समजून घ्यायचं, पण ते 'जणू' सोडायचं नाही. 'तदनुभूती' उच्चाराला जड, तरी अर्थाने तोच शब्द बरोबर आहे.

देवगडचा बागायतदार म्हणतो, "सगळो मोहर झडलो. आता घराकडे काय सांगू?" शिकाऊ समुपदेशक म्हणतो, "आमचीही बाग गेली, होईल नीट." तिथेच बोलणं थांबतं, कारण आता बागायतदारालाच त्याचं सांत्वन करावं लागतं. "मोहोर गेल्यापेक्षा घरी सांगायचं कसं, हे जड जातंय?" असं विचारलं तर तो पुढे बोलतो. विचारून झाल्यावर गप्प राहायचं. तीन-चार सेकंदांची शांतता न सोसल्यामुळे शिकाऊ मंडळी सल्ला देऊन मोकळी होतात.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हे गुण सुट्या कौशल्यांत फोडून, रेकॉर्डिंग परत परत पाहून शिकवायची पद्धत आली. मग स्वभाव मागे पडला. २००९च्या एका अभ्यासाने तो वेगळ्या रूपात परत आणला: २५ थेरपिस्टना अवघड क्लायंटच्या चित्रफिती दाखवून त्यांचे तिथल्या तिथे दिलेले प्रतिसाद तपासले. ज्यांना या प्रतिसादांत जास्त गुण मिळाले, त्यांच्या क्लायंटमध्ये सुधारणाही जास्त दिसली.

जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारख्या वेळी हा घोळ सर्वांत महागात पडतो. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं, त्याच्यासाठी 'समान' शब्दशः खरं असतं आणि 'जणू' उरत नाही. अशा शिकाऊला पूरग्रस्तांसमोर बसवण्याआधी त्याचं स्वतःचं सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी त्याच्या कामाबद्दल बोलणं, व्हायला हवं, आणि पहिल्या काही सेशन्सना सोबत दुसरा माणूस हवा.