सानछी आणि तू-सानछी: नाव जवळचं, गुण उलटे

चिनी औषधांच्या बाजारात सानछीचा भाव 'डोक्यां'वर ठरतो. अर्ध्या किलोत २० मुळं बसली तर गड्डे मोठे आणि भाव चढा; ६० बसली तर बारीक आणि स्वस्त. वरून करडं-तपकिरी, गाठीगाठीचं, हातात घेतलं तर खड्यासारखं टणक.

हे जिनसेंगच्या कुळातलं मूळ, पॅनॅक्स नोटोजिनसेंग. युन्नान प्रांतातल्या वनशान भागात पिकतं आणि साधारण तीन वर्षांनी काढतात. रक्तस्राव थांबवायला आणि साकळलेलं रक्त मोकळं करायला चिनी वैद्य ते शतकानुशतकं देत आलेत. सिरॉसिसच्या (लिव्हर निबर होण्याच्या आजाराच्या) रुग्णांनाही काही जण देतात. मात्र त्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली, तर सानछीची पुडी शोधत बसू नये. थेट हॉस्पिटल गाठावं. तिथे इंजेक्शनं आणि एंडोस्कोपीने शिरेला बँड हाच इलाज.

तू-सानछी वेगळीच. ही सूर्यफुलाच्या कुळातली, गायनुरा जॅपोनिका. परसात सहज वाढते, पिवळी फुलं येतात. मुका मार, सांधेदुखी यांवर लोक तिचं मूळ दारूत मुरवून किंवा काढा करून घेतात. घरचीच वनस्पती, त्यात नावात सानछी. शंका घेणार कोण?

तिच्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची रसायनं असतात. त्यांना खरं विषारी रूप येतं ते लिव्हरमध्ये, तिथल्याच एन्झाइम्समुळे. मग हे विष तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलून काढतं. वाट बुजते, रक्त तुंबतं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पोटात पाणी होतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे पडतात.

पोटात पाणी म्हटलं की आधी सिरॉसिसच आठवतो, आणि घोळ इथेच होतो. सिरॉसिस वर्षानुवर्षं मुरत जातो, लिव्हर बहुधा आकसतं. तू-सानछीच्या विषात ते थोड्याच दिवसांत सुजून मोठं होतं आणि दुखतं. पाश्चात्त्य देशांत लिव्हरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजण्याचा हा आजार मुख्यतः बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर दिसतो. चीनमध्ये मोठं कारण तू-सानछी. तिथल्या तज्ज्ञांनी २०१७ साली निदानाचे 'नानजिंग निकष' ठरवले. त्यांत अशी वनस्पती पोटात गेली होती का, याला पहिलं स्थान आहे.

आपल्याकडेही हे घडलंय. १९७०च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात (आताचं छत्तीसगड) गोंदलीच्या धान्यात खुळखुळ्याच्या जातीतल्या एका तणाचं बी मिसळलं गेलं आणि लोकांच्या पोटात पाणी झालं. विष याच गटातलं.

या विषावर उतारा नाही. वनस्पती ताबडतोब बंद, लघवीच्या गोळ्या, लवकर कळलं तर रक्त पातळ करणारी हेपॅरिनसारखी औषधं. तरी पाणी हटलं नाही, तर लिव्हरमधून स्टेंट (बारीक नळी) टाकून रक्ताला दुसरी वाट काढून देतात. क्वचित लिव्हर प्रत्यारोपणापर्यंत जावं लागतं.