फियाटच्या दाराच्या पोटात

जुन्या पद्मिनीचं, म्हणजे मुंबईत बनलेल्या फियाट गाडीचं डोअर पॅड (दाराचं आतलं अस्तर) काढलं की आत हमखास दिसतात ओला झालेला पुठ्ठा, गंजाचे पोपडे आणि काच पडू नये म्हणून ठोकलेली लाकडी पाचर. हे सगळं म्हातारपणाच्या खाती टाकून कामाला लागायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. दारातल्या प्रत्येक बिघाडामागे दार कसं घडत गेलं त्याचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही कळतं.

सुरुवातीच्या मोटारींची दारं म्हणजे सुतारकाम होतं. लाकडी चौकट, तिच्यावर पत्रा, आणि काच असलीच तर ती आगगाडीच्या डब्यासारखी चामड्याच्या पट्ट्याने ओढून वर घ्यायची. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली आणि १९१४ मध्ये डॉजच्या गाड्यांना ती लागली. दार लाकडाचं होतं तोवर आतलं अस्तर खिळ्यांनी किंवा स्क्रूने बसत असे. दार पत्र्याचं झाल्यावर पत्र्याला भोकं पाडून त्यांत स्प्रिंगच्या क्लिपा दाबून बसवायची पद्धत आली. अस्तराचं पॅडही बदललं. विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेला हार्डबोर्ड शोधला आणि मोटारवाल्यांना स्वस्त, सपाट, हवा तसा कापता येणारा माल मिळाला. त्यावर चढलं रेग्झिन. हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनणाऱ्या चामडीसारख्या कापडाचं व्यापारी नाव. आज आपण पीव्हीसीचा थर दिलेल्या कुठल्याही कापडाला तेच म्हणतो.

हार्डबोर्डाचं एकच वैर आहे, पाण्याशी. ओल धरली की तो फुगतो आणि क्लिपेच्या भोकाभोवती भुसभुशीत होतो. मग क्लिप पत्र्यातच अडकून राहते आणि पॅड हातात येतं.

काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेला, गॅरेजच्या भाषेत काचेच्या मशीनला, खरा आकार आला १९२०च्या दशकात. जर्मनीतल्या कोबुर्गच्या ब्रोझे कंपनीने १९२८ पासून हॅण्डलने फिरवायची ही मशीनं कारखान्यात बनवायला सुरुवात केली. याच कंपनीचा कारखाना आज पुण्यातही आहे. या मशीनची मुख्य अडचण दातेरी चाकांची नव्हती, काचेच्या वजनाची होती. हॅण्डल सोडलं की काच आपोआप खाली येऊ नये, पण हाताने फिरवताना मात्र जड लागू नये, हे जमायचं कसं?

त्याचं उत्तर मला आजही फार आवडतं. हॅण्डलच्या मागे एक छोटी गोल डबी असते आणि तिच्या आतल्या भिंतीला टेकून गुंडाळलेली स्प्रिंग. हॅण्डल फिरवलं की स्प्रिंग आवळली जाते, भिंतीपासून सुटते आणि मशीन मोकळं फिरतं. उलट काचेच्या वजनाने दाते फिरू लागले, तर तोच जोर स्प्रिंगला पसरवतो आणि ती डबीच्या भिंतीला घट्ट धरते. हाताकडून आलेला जोर पुढे जातो, काचेकडून आलेला जागीच अडतो. काच धक्क्याने, हळूहळू घसरत असेल तर आधी ही डबी पाहावी. बरेच जण थेट दात्यांना दोष देतात आणि चांगलं मशीन भंगारात टाकतात.

डबीच्या पुढे मशीनची दोन घराणी झाली. एकात अर्धगोल दात्यांची पट्टी असते, तिला कात्रीसारखे हात, आणि त्या हातांच्या टोकांचे रोलर काचेखालच्या चॅनलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या खाचेत, सरकतात. दुसऱ्यात ड्रमवर गुंडाळलेली तार पुल्यांवरून फिरते आणि काचेला धरून वरखाली नेते. कात्रीवालं मशीन जड पण टिकाऊ. त्याचे रोलर झिजतात आणि जुनं ग्रीस डिंकासारखं होतं. तारेचं मशीन हलकं, कमी जागेत मावणारं, पण तार एकेक धागा करत तुटते आणि एके दिवशी काच दाराच्या पोटात जाऊन बसते. हॅण्डलशिवाय चालणारी काच त्यामानाने लवकर आली होती: अमेरिकेच्या पॅकार्डने १९४० मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काचा दिल्या. आपल्या रस्त्यांवर मात्र अनेक दशकं हॅण्डलचंच राज्य होतं.

आता मुंबईकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, नंतर फियाटशी करार झाला. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवलं की इथे फक्त जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, सुटे भाग इथेच बनवायचे. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना राहिला. तिथून १९५४ पासून आली फियाट ११००, जिला तिच्या नाकामुळे लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिची पुढची दारं उलटी उघडत. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर, म्हणजे एका बाजूचं सगळं वजन एका खांबावर. तो खांब खालून सडला की दोन्ही दारं एकदम लोंबू लागतात. अशा गाडीत काच अडकते म्हणून मशीन उघडण्याआधी दार चौकटीत सरळ बसतंय का ते पाहावं लागतं, कारण तिरक्या दारात चांगली काचही अडते.

१९६४ मध्ये ११००डी आली, इथलं नाव डिलाइट. तिची दारं नेहमीसारखी पुढे बिजागरी असलेली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इटलीत ११००डी १९६२ ते १९६६ एवढीच बनली. आपल्याकडे तिचा तोच सांगाडा २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत राहिला. चार वर्षं आणि सुमारे छत्तीस वर्षं! आपल्या दुरुस्तीच्या संस्कृतीचं मूळ मला या फरकात दिसतं. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून आहे ती टिकवणं भाग होतं. आणि दाराचा घाट बदलत नसल्यामुळे एका गाडीचं दार दुसरीला लागे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत हे भाग हातोहात फिरले. डेंटर पत्रा ठोकून दार उभं करी, सीटमेकर जुन्या पॅडचा साचा ठेवून नवा हार्डबोर्ड कापी.

पद्मिनीच्या पुढच्या दारातली त्रिकोणी काचही जुन्या वंशाची. जनरल मोटर्सने १९३३ मध्ये अशी फिरणारी काच आणली, ती वाऱ्याचा झोत न बसता हवा खेळती राहावी म्हणून. एसी नसलेल्या मुंबईच्या टॅक्सीत तिचा उपयोग उलटा झाला: ती पूर्ण फिरवायची आणि वारा थेट अंगावर घ्यायचा. त्यामुळे तिची खालची खुंटी आणि रबर बाकी दाराच्या आधी संपतात, आणि तिथून पाणी आत यायला लागतं.

या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी त्याच परंपरेने एक चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली. दारात पाणी जाऊच नये अशी गाडी बनवणाऱ्यांची अपेक्षा कधीच नव्हती. काचेला लागलेलं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, फक्त पाणी पुसतं, अडवत नाही. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं, आतल्या पत्र्यावरून ओघळतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅड कोरडं राहावं म्हणून त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये मेणकागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, आणि त्याचं खालचं टोक पत्र्याच्या आत खोचलेलं असतं. मशीन दुरुस्त करताना हा पडदा फाटतो, 'काय करायचंय' म्हणून फेकला जातो. वर गंज लागू नये म्हणून दाराच्या तळाला डांबरी कोटिंग मारतात आणि तीच भोकं बुजतात. मग मुंबईचा एक पावसाळा पुरतो. दाराची खालची कड आतून सडते, पुठ्ठा फुगतो, क्लिपा सुटतात, आणि काचेखालचं चॅनल गंजून काचेपासून वेगळं होतं.

म्हणून दार उघडल्यावर आधी तारेने ती भोकं मोकळी करावीत, मशीन नंतर. हॅण्डल काढताना स्क्रू दिसला नाही तर हॅण्डलच्या मागे आडवी पिन किंवा नालेच्या आकाराची क्लिप असते. क्लिप असेल तर रुमाल दोन्ही हातांनी ताणून हॅण्डल आणि पॅडच्या मध्ये घालायचा आणि मागेपुढे घासायचा, ती टुणकन बाहेर येते. पक्कडीने ओढलं तर पॅडला चरा पडतो. जुनं पॅड कितीही फुगलेलं असलं तरी नवं कापून होईपर्यंत टाकू नये, भोकांची मापं दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. जाड प्लॅस्टिकचा नवा पडदा लावायला खर्च जवळजवळ नाहीच, लावायची आठवण मात्र हवी.

मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. जुने भाग शोधणाऱ्यांसाठी त्या टॅक्स्यांनी मागे ठेवलेला साठा सारखा नाही. उतारू फुटपाथकडून, म्हणजे डाव्या मागच्या दाराने चढत-उतरत. त्यामुळे डाव्या बाजूची मशीनं, लॉक आणि बिजागऱ्या झिजलेल्या, तर उजव्या मागच्या दारातलं मशीन कमी वापरलेलं मिळण्याची शक्यता जास्त. पण दोन्ही बाजूंची मशीनं आरशातल्यासारखी उलटी असतात. उजवं डावीकडे बसत नाही.