फोर्ट वेन पिस्टन्स विरुद्ध मिनियापोलिस लेकर्स, २२ नोव्हेंबर १९५०

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या इतिहासातला सर्वांत कमी गुणांचा सामना. मिनियापोलिस ऑडिटोरियममध्ये झालेल्या या लढतीत फोर्ट वेन पिस्टन्सने यजमान लेकर्सना १९–१८ असे हरवले. दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण हा नीचांक आजवर मोडलेला नाही. ४८ मिनिटांच्या पूर्ण खेळात एका संघाचे १८ गुण हाही नीचांकच आहे. केवळ एक विक्षिप्त निकाल म्हणून हा सामना सांगितला जातो, पण त्याचे खरे महत्त्व त्याच्या आकडेवारीत आहे. त्या काळच्या नियमांत नेमके काय बिघडले होते, ते या सामन्याच्या एका गुणतक्त्यात स्पष्ट दिसते.

त्या वेळी लेकर्सचा दबदबा मोठा होता. १९४९ आणि १९५० ही लागोपाठची विजेतेपदे त्यांच्याकडे होती आणि १९४९–५० च्या हंगामात घरच्या मैदानावरील ३१ सामन्यांपैकी त्यांनी फक्त एक गमावला होता. संघाचा कणा होता सहा फूट दहा इंच उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, जॉर्ज मायकन. बास्केटखाली उभ्या असलेल्या मायकनपर्यंत चेंडू पोचला की त्याला अडवणे जवळपास अशक्य होई. शिवाय जिम पोलार्ड, व्हर्न मिकेलसन आणि स्लेटर मार्टिन हे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत, गेलेले खेळाडूही याच संघात होते. अशा संघाशी बरोबरीने खेळून निभाव लागणार नाही हे पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांनी ओळखले आणि चेंडू आपल्याच हातात ठेवायचा असे ठरवले. चेंडू ताब्यात आल्यावर किती वेळात बास्केटकडे फेकायचा याला तेव्हा बंधनच नव्हते. पिस्टन्सचे खेळाडू मैदानाच्या मध्याजवळ चेंडू घेऊन उभे राहिले, आपसात पास देत राहिले. बास्केटखाली दबा धरून बसलेले लेकर्स बाहेर यायला तयार नव्हते. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तरी डावपेच बदलला नाही.

सत्रवार गुण असे: पहिल्या सत्रात पिस्टन्स ८, लेकर्स ७, दुसऱ्यात ३ आणि ६, तिसऱ्यात ५ आणि ४, चौथ्यात ३ आणि १. म्हणजे मध्यंतराला लेकर्स १३–११ ने आणि तिसऱ्या सत्राअखेर १७–१६ ने पुढे होते. शेवटच्या १२ मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून ४ गुण केले. लेकर्स १८–१७ असे आघाडीवर असताना, अखेरच्या काही सेकंदांत पिस्टन्सच्या लॅरी फाउस्टने निर्णायक बास्केट केली. हा त्याचा एनबीएतील पहिलाच हंगाम होता.

आता नेमबाजीचे आकडे. पिस्टन्सने १३ फटके मारले, म्हणजे तितक्यांदा चेंडू बास्केटकडे फेकला, त्यांतले ४ बास्केटमध्ये गेले. अशा प्रत्येक बास्केटचे दोन गुण. लेकर्सचे १८ पैकी ४. बाकी सारे गुण फ्री थ्रोचे, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल (नियमबाह्य अडवणुकीबद्दल) मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या मोकळ्या फेकीचे: पिस्टन्सचे ११, लेकर्सचे १०. लेकर्सच्या चारही बास्केट एकट्या मायकनच्या होत्या. त्यांत त्याचे ७ फ्री थ्रो मिळवले की त्याचे १५ गुण होतात. उरलेल्या संपूर्ण संघाच्या वाट्याला फ्री थ्रोवरचे ३ गुण आले. पिस्टन्सकडून सर्वाधिक गुण जॉन ओल्डहॅमचे, आणि तेही फक्त ५.

बास्केटची संख्या लक्षात राहते, पण त्याहून बोलका आकडा फटक्यांचा आहे. २,८८० सेकंदांच्या खेळात दोन्ही बाजूंचे मिळून ३१ फटके, म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. नेम चुकत होता म्हणून हा सामना ३७ गुणांवर थांबला असे नाही. नेम धरायलाच कोणी जात नव्हते. मेंडेनहॉल यांना दोष देता येत नाही, कारण नियमाने दिलेली मोकळीक त्यांनी वापरली आणि विजेत्यांना त्यांच्याच घरी हरवून दाखवले.

हा तक्ता वाचताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू पकडण्याची, अधिकृत नोंद एनबीएने याच १९५०–५१ हंगामापासून सुरू केली. खेळाडू किती मिनिटे मैदानावर होता ते पुढच्या हंगामापासून नोंदले जाऊ लागले. स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (फटका अडवणे) यांचे रकाने तर १९७३–७४ मध्ये आले. चेंडू कोणाच्या हातात किती वेळ होता हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नव्हताच, आणि या सामन्याची गोष्ट तर तिथेच होती.

संघटनेचे अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ यांनी सामन्याची दखल घेतली, पण उपाय निघायला चार वर्षे गेली. तोवर वेळकाढूपणा चालूच राहिला. समोरचा संघ चेंडू धरून बसला की तो मिळवण्यासाठी मुद्दाम फाउल करायचे, अशी रीत पडली. २१ मार्च १९५३ रोजी बोस्टन सेल्टिक्स आणि सिरॅक्यूज नॅशनल्स यांच्यातील बाद फेरीचा सामना चार जादा सत्रांपर्यंत लांबला आणि त्यात १०६ फाउल झाले. बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले, त्यांतले ३० फ्री थ्रोचे होते.

१९५४–५५ च्या हंगामापासून शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारण्याची मुदत मोजणारे घड्याळ, आले. सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन आणि त्यांचे सहकारी लिओ फेरिस यांचा हिशेब साधा होता: चुरशीच्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० च्या आसपास फटके मारतात, २,८८० सेकंदांना १२० ने भागले की २४ येतात. तेवढ्या सेकंदांत फटका मारला नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. त्याबरोबर एका सत्रातील संघाच्या फाउलवरही मर्यादा घालण्यात आली. ३० ऑक्टोबर १९५४ रोजी या घड्याळासह झालेल्या पहिल्या सामन्यात रॉचेस्टर रॉयल्सने बोस्टनला ९८–९५ ने हरवले. आदल्या हंगामात संघाची सामन्यामागे सरासरी ७९.५ गुण होती, ती एका हंगामात ९३.१ वर गेली. शॉट क्लॉक आल्यानंतरचा सर्वांत कमी गुणांचा सामना त्याच हंगामातला आहे: २७ फेब्रुवारी १९५५, बोस्टन सेल्टिक्स ६२, मिलवॉकी हॉक्स ५७.