क्रीडानौकेची निगा

जलविहार, हौस किंवा शर्यत यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान नौकेचे बूड, इंजिन, शीड, दोर आणि विजेचे साहित्य सुस्थितीत राहावे म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी, फेरीनंतर आणि हंगामाच्या अखेरीस जी कामे केली जातात, त्यांना नौकेची निगा म्हणतात. मासेमारीची किंवा प्रवासी नौका जवळजवळ रोज पाण्यात जाते आणि खलाशांच्या नजरेखालून जाते. हौशी नौका मात्र वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी असते. त्यामुळे वापरापेक्षा उभे राहण्यानेच तिची झीज अधिक होते. सुकलेले मीठ, ऊन आणि साचलेले पावसाचे पाणी हे तिचे खरे शत्रू असून कोकण किनाऱ्यावर हे तिन्ही मुबलक आहेत.

खाऱ्या पाण्यातून परतल्यावर नौका आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुणे हे निगेतील पहिले काम होय. मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी ओढून थंड राहते, त्यामुळे बंद केल्यावर त्याच्या अरुंद मार्गांत मिठाचे थर धरू लागतात. ते धुण्यासाठी पाणी घेण्याच्या छिद्रांवर नळीला जोडलेले दोन रबरी कप बसवतात किंवा इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवतात, आणि वेग न वाढवता इंजिन सुमारे दहा मिनिटे चालवतात. चालू इंजिनाच्या मागील बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते, ती शीतन व्यवस्था चालू असल्याची खूण. धार पातळ झाली तर आधी ते भोक बारीक तारेने मोकळे करून पाहावे, कारण पुष्कळदा तेथे मीठ किंवा किड्याचे घर एवढेच निघते. तरीही धार सुधारली नाही, तर दोष बहुधा पंपातील इम्पेलरचा असतो. इम्पेलर म्हणजे पाती असलेले तळहातात मावेल एवढे रबरी चाक. इंजिन पाण्याविना चालवले, तर हे चाक मिनिटभरातही करपू शकते. ते बदलताना तुटलेल्या पात्यांचे सगळे तुकडे शोधून काढावे लागतात, नाहीतर तेच तुकडे पुढे जाऊन पाण्याची वाट बंद करतात. लाखो रुपयांचे इंजिन या एका रबरावर अवलंबून असते आणि मालकांचे सर्वाधिक दुर्लक्षही त्याच्याकडेच होते.

इंजिनाचे तेल साधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलतात. त्याच वेळी खालच्या गिअरपेटीतील तेलही पाहावे. खालचा स्क्रू काढल्यावर निघणारे तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. याचे नेहमीचे कारण म्हणजे नौका ढकलणाऱ्या पंख्यामागे (प्रोपेलरमागे) दांड्याभोवती गुंडाळला गेलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा चिवट दोरा. तो हळूहळू तेलाच्या सीलला कापतो, म्हणून मासेमारीच्या पाण्यात फिरणाऱ्या नौकेचा पंखा मधूनमधून उतरवून पाहणे हिताचे ठरते. नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवत भरतात आणि वरच्या छिद्रातून ते वाहू लागले की थांबतात. असे केल्याने आत हवा कोंडत नाही.

इंजिनाच्या पायाला जस्ताची किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची वडी जोडलेली असते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की विद्युत्-रासायनिक क्रियेने त्यांपैकी एक झिजतो. ही झीज इंजिनाऐवजी वडीने सोसावी अशी ती योजना आहे. वडी अर्धी झिजली की बदलतात आणि तिच्यावर रंग कधीही देत नाहीत, कारण रंगवलेली वडी काम करत नाही. धरणाच्या किंवा तलावाच्या गोड्या पाण्यात जस्ताऐवजी मॅग्नेशियमची वडी अधिक उपयोगी पडते.

कायम पाण्यात नांगरलेल्या नौकेच्या बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव चिकटतात; वेग घटतो आणि इंधन जास्त लागते. त्यासाठी बुडाला बहुधा तांब्याची संयुगे असलेला प्रतिबंधक रंग देतात. पूर्वी अशा रंगांत वापरली जाणारी कथिलाची सेंद्रिय संयुगे सागरी जीवांना घातक ठरल्याने २००१ मध्ये स्वीकारलेल्या आणि २००८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली. तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमच्या भागांवर लावू नये, त्याने ॲल्युमिनियमच झिजते. फायबरच्या बुडाला आणखी एक रोग जडतो. बाहेरच्या गुळगुळीत जेलकोटमधून झिरपलेले पाणी आतील रेझिनमध्ये मुरते आणि पृष्ठभागावर फोड येतात. असा फोड फोडला असता व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यावर नुसता रंग मारणे व्यर्थ आहे. फोड खरवडून, बूड पूर्ण वाळवून मगच इपॉक्सीचा थर द्यावा लागतो.

लाकडी नौकेचा प्रश्न निराळा आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून ते बंद करावे लागतात आणि लाकडाला तेल पाजावे लागते. ती फार काळ कोरडी ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात, आणि सतत पाण्यात ठेवली तर जहाजकिडा लाकूड आतून पोखरतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. आत बसवलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी झाकण उघडून पंख्याने हवा खेळवण्याचा नियम त्यामुळेच आहे. भारतात सध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांची मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि पुरेसे पाणी मुरले की टाकीत तळाशी वेगळे होते. म्हणून जुने पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. शिडाच्या नौकेत डोलकाठीला ताण देणाऱ्या पोलादी तारांच्या टोकांवरील तांबूस डाग आणि तुटलेला एखादा धागा यांकडे लक्ष द्यावे लागते. शिडाचे कापड उन्हाने कुजते, म्हणून ते झाकून ठेवतात.

थंड देशांतील माहितीपुस्तकांत हिवाळ्यापूर्वीच्या तयारीवर भर असतो, कारण तेथे गोठलेले पाणी इंजिन फोडते. आपल्याकडे तो धडा पावसाळ्यासाठी वाचावा लागतो. मुंबईत, जेथे रॉयल बाँबे यॉट क्लब १८४६ पासून आहे, आणि मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात हौशी नौकानयन थांबते. मेच्या उधाणाच्या भरतीला नौका वर ओढून ती शाकारण्याची मच्छीमारांची जुनी रीत हौशी मालकानेही जशीच्या तशी उचलावी अशी आहे. सुमारे १० चौरस मीटर तोंड असलेल्या उघड्या नौकेत १०० मिलिमीटर पावसाने १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी साचते, आणि कोकणात असा पाऊस एका दिवसात पडतो. बॅटरीवर चालणारा उपसापंप हे पाणी काढील या भरवशावर नांगरलेली नौका बॅटरी उतरताच बुडते. किनाऱ्यावर ठेवताना नाळेकडील, म्हणजे पुढची, बाजू उंच धरतात आणि मागच्या तळाचे बूच काढून ठेवतात, म्हणजे आलेले पाणी आपोआप वाहून जाते. ताडपत्री नौकेवर चिकटून न ठेवता मध्ये बांबूचा आडवा वासा देऊन उतरती बांधतात. त्यामुळे पाणी साचत नाही आणि आत वारा खेळल्याने बुरशीही धरत नाही. बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा भारित करतात. जीवरक्षक जाकिटे उंदरांपासून दूर टांगतात.

नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात घालताना काढलेले बूच परत बसवण्यास विसरणे ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. यावर साधा उपाय म्हणजे ते बूच इंजिनाच्या किल्लीला दोरीने बांधून ठेवणे. गुडघाभर पाण्यात नौका पाच-दहा मिनिटे तरंगत ठेवून आतला तळ हाताने चाचपून पाहतात आणि तो कोरडा लागला तरच दोर सोडतात.