विजेवर चालणारी हातयंत्रे : वापर आणि निगा (खानदेश)

हातात धरून चालवायची, स्वतःची मोटर असलेली हत्यारे : ग्राइंडर, ड्रिल मशीन, मार्बल कटर, हॅमर, रंधा, जिगसॉ वगैरे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ती आता औद्योगिक वसाहतींपुरती उरलेली नाहीत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकच्या सबमेनला (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपला) भोके पाडायला ड्रिल लागते, ट्रॉलीच्या फाळक्याला पट्टी मारायची तर ग्राइंडर लागतो, आणि हंगामाआधी जिनिंगची डागडुजी निघाली की दोन्ही दिवसभर चालू असतात. यंत्रे सगळीकडे सारखीच. पण इथे तीन गोष्टींमुळे धोका वाढतो : शेतातला वीजपुरवठा, उन्हाळ्यात कोरडी पडणारी अर्थिंग आणि घरात साठवलेला कापूस. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात या गोष्टी सापडत नाहीत, म्हणून या नोंदीत त्यांना जास्त जागा दिली आहे.

ग्राइंडर आणि त्याचे चाक. चार इंची (१०० मिमी) ग्राइंडर बिनभाराने मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर, ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. या वेगाने तुकडा सुटला तर बाजूला व्हायला वेळच नसतो. वाचवतो तो गार्ड, म्हणजे चाकाभोवतीचे झाकण. कापायच्या चाकांवर बहुधा सेकंदाला ८० मीटर ही मर्यादा आणि तिच्याशी जुळणारे कमाल फेरे छापलेले असतात : १०० मिमीच्या चाकाला सुमारे १५,३००, १२५ मिमीला १२,२००, १८० मिमीला ८,५०० आणि २३० मिमीला ६,६००. चाकावरचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये.

जाड पाइप एका दमात कापता यावा म्हणून गार्ड काढून छोट्या ग्राइंडरला सात इंची चाक चढवण्याची रीत गावोगाव दिसते. त्या चाकाची कड ११,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०३ मीटरवर जाते, म्हणजे मर्यादेपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त. त्यात चार इंची चाकाचे भोक १६ मिमीचे आणि सात इंचीचे २२ मिमीचे. मधे बुश घालून बसवलेले चाक बरोबर मध्यावर राहत नाही, थरथरते, आणि त्या थरथरीनेच तडकते. मोठे काम असेल तर मोठे यंत्र भाड्याने आणावे किंवा पाइप फिरवून चारी बाजूंनी कापावा. वेळ जास्त लागतो, पण काम तेवढेच नीट होते.

चाक रेझिनने बांधलेले असते आणि आत काचतंतूंची जाळी असते. रेझिन ओल धरते व कमजोर होते. म्हणून चांगल्या चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर ते कधीपर्यंत वापरायचे तो महिना आणि वर्ष ठोकलेले असते. उत्पादनापासून साधारण तीन वर्षे हे त्याचे आयुष्य. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेले, पाणी लागलेले किंवा हातातून पडलेले चाक वापरू नये, मग ते दिसायला कितीही नवे असो.

बसवताना आधी प्लग काढावा. आतली फ्लँज (चाक जिच्यावर टेकते ती चकती) पुसून घ्यावी, कारण तिच्यावर चिकटलेली किसही चाक तिरपे करते. नटाची एक बाजू उंचवट्याची व दुसरी सपाट असते. घासायचे जाड चाक लावताना उंचवटा चाकाकडे, कापायचे पातळ चाक लावताना सपाट बाजू चाकाकडे. पान्याने नट बेताने आवळावा. हातोडीने ठोकू नये, चाक फिरू लागले की नट आपोआप घट्ट होतो. स्पिंडल (चाकाची दांडी) अडवायचे बटण चाक पूर्ण थांबल्यावरच दाबायचे, नाहीतर गिअरचा दात जातो. नवे चाक गार्ड लावून, त्याच्या रेषेत कुणी नाही हे पाहून, एक मिनिट मोकळे फिरवावे. सदोष चाक बहुधा याच मिनिटात बोलते.

काम करताना बाजूचा दांडा लावून यंत्र दोन्ही हातांनी धरायचे. कापताना चाक कामाला सरळ ९० अंशांत, घासताना १५ ते ३० अंशांत. कापायच्या पातळ चाकाच्या बाजूने घासणे हे चाक फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे फट मिटणे. अँगलचे दोन्ही टोक विटांवर ठेवून मधोमध कापायला घेतले की शेवटी अँगल मधे झुकतो, फट मिटते, चाक आवळले जाते आणि यंत्र झटक्याने कामगाराच्या अंगावर येते. टेकू कापायच्या रेषेच्या जवळ द्यावा आणि कापून पडणारे टोक मोकळे सोडावे, म्हणजे फट उघडत जाते. उभे राहताना आपले तोंड आणि मांडी चाकाच्या रेषेत नको.

लाकूड कापायचे दात्यांचे पाते ग्राइंडरला कधीही लावू नये. लाकडाच्या गाठीत दात अडकला की यंत्र उसळते. त्याला करवतीसारखी टेकायला पट्टी नसते, गार्ड पुरेसा नसतो आणि अनेक यंत्रांचे बटण दाबून अडकवलेले असल्याने हात सुटला तरी पाते फिरतच राहते. मांडी आणि मनगट कापले जाण्याच्या इजा अशाच होतात. लाकडासाठी पट्टीची सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉच घ्यावी.

शेतातली वीज. ही यंत्रे २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालतात. शेतात थ्री फेज असते आणि न्यूट्रल बहुतेक ठिकाणी हाताशी नसतो. मग पंपाच्या स्टार्टरमधून एक फेज घेतला जातो आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगची तार. यंत्र चालते, म्हणून हे बरोबर आहे असे वाटते. पण ८५० वॉटचा ग्राइंडर सुमारे ४ अँपिअर घेतो. अर्थिंगचा रोध २० ओहम धरला तरी तिच्यावर ८० व्होल्ट चढतात. त्याच अर्थिंगला जोडलेली पेटी, मोटरचे अंग आणि विहिरीतला लोखंडी पाइप या सगळ्यांना हे ८० व्होल्ट येतात, आणि विहिरीत पाण्यात उभा असलेला माणूस त्याच पाइपला हात लावून असतो. अर्थिंगची तार कुठे तुटली तर पुढचा भाग पूर्ण २३० व्होल्टवर जातो. या जोडणीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा संरक्षक स्विच, लगेच पडतो, म्हणून तो ‘खराब आहे’ असे म्हणून काढून टाकला जातो. खरे तर तो आपले काम करत असतो. चुकून दोन फेज जोडले गेले तर ४०० व्होल्टच्या वर दाब मिळून मोटर काही क्षणांत जळते.

वायरमनकडून न्यूट्रलसह वेगळी जोडणी करून घ्यावी, नाहीतर बॅटरीचे यंत्र वापरावे. जनरेटरवर काम करताना त्याचा न्यूट्रल अर्थ केलेला आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल तर आरसीसीबी असूनही तो धोक्याच्या वेळी पडेलच असे नाही.

एमसीबी (प्रवाह फार वाढला की पुरवठा तोडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही : १६ अँपिअरचा एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी माणूस मरतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फिरत्या कामाच्या बोर्डातच तो बसवून घेणे सगळ्यांत उत्तम. महिन्यातून एकदा त्याचे ‘टी’ बटण दाबून पाहावे.

धातूच्या अंगाच्या यंत्राला तीन पिनांचा टॉप (प्लग) आणि चालू अर्थिंग हवी. एकात एक दोन चौकोनांची खूण असलेली यंत्रे दुहेरी इन्सुलेशनची, त्यांना दोन पिना पुरतात. मात्र लोखंड घासताना उडणारी बारीक भुकटी मोटरच्या आत जाऊन बसली की हे दुहेरी इन्सुलेशनही निकामी होऊ शकते. टॉपशिवाय वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्या खोचणे ही पद्धत बंदच व्हायला हवी. पायात वायर अडकली की एक टोक निसटते आणि जिवंत टोक लोंबत राहते.

काळी जमीन ओली असताना अर्थिंग चांगली देते. पण उन्हाळ्यात ती भेगाळते, सळई किंवा पट्टीभोवती पोकळी पडते आणि रोध एकदम वाढतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे आणि वरची जोडणी गंजली आहे का ते बघावे.

जोडवायर तांब्याची, किमान १.५ चौरस मिमीची असावी. २,००० वॉटच्या कटरला ३० मीटर लांब ०.७५ चौरस मिमीची वायर दिली तर तिच्यातच १४ व्होल्टच्या आसपास दाब पडतो. वायरीचे भेंडोळे न सोडता काम केले तर आतले वेढे तापून इन्सुलेशन वितळते. म्हणून ती पूर्ण उलगडावी. दाब मुळात कमी असेल तर यंत्राचे फेरे कमी होतात, आतला पंखा हवा कमी फेकतो, कामगार यंत्र जास्त दाबतो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळते. दाब कमी आहे हे आवाजावरून कळते; अशा वेळी काम थांबवावे.

वीज गेली की पहिल्यांदा बटण बंद करून प्लग काढावा. अडकवलेले बटण तसेच राहिले तर वीज येताच जमिनीवर ठेवलेले यंत्र आपोआप सुरू होते, आणि तोवर कुणीतरी चाकाजवळ हात नेलेला असतो.

ठिणगी आणि कापूस. भाव वाढेल या आशेने कापूस महिनोन्महिने घरातल्या खोलीत किंवा ओट्यावर ठेवला जातो. त्याच घराच्या खिडकीला जाळी किंवा शेडला अँगल बसवताना ग्राइंडरच्या ठिणग्या काही मीटर उडतात, टप्पे घेत आणखी पुढे जातात आणि दाराच्या फटीतून आत शिरतात. कापूस लगेच भडकतोच असे नाही. तो आतल्या आत धुमसतो. वरून फक्त थोडा पिवळटपणा आणि जळका वास. जाळ दिसतो तेव्हा काम संपवून माणसे घरी गेलेली असतात. ठिणगीच्या कामाभोवती ११ मीटरपर्यंत पेट घेणारी वस्तू नसावी. कापूस हलवता येत नसेल तर काम बाहेर काढून करावे. तेही शक्य नसेल तर दारे-फटी ओल्या गोणपाटाने बुजवाव्यात, ठिणग्यांची दिशा उलटी ठेवावी, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवाव्यात आणि काम थांबल्यावर तासभर कुणीतरी तिथे थांबावे. कडब्याच्या गंजीला आणि केळीच्या वाळलेल्या पाल्यालाही हेच लागू. जिनिंगमध्ये छताच्या कैच्यांवर साचलेली कापसाची बारीक रुई आधी झाडून घेतल्याशिवाय ठिणगीचे काम सुरूच करू नये.

ड्रिल. ड्रिल चालवताना कापडी हातमोजे घालू नयेत. बिट दोरा पकडते आणि बोट ओढून नेते. गळ्यातले उपरणे, साडीचा पदर, हातातले कडे यांनाही हेच. चकची (बिट धरणाऱ्या जबड्याची) चावी काढली का, हे बटण दाबण्याआधी पाहावे. साध्या लोखंडात १० मिमीचे भोक ८०० फेऱ्यांच्या आसपास, त्याआधी ५-६ मिमीचे छोटे भोक पाडून घ्यावे. बिट पलीकडे निघताना अडकते आणि यंत्र मनगट पिळते, म्हणून शेवटी दाब कमी करायचा. पीव्हीसी पाइपला कमी वेग पुरतो. जास्त वेगाने प्लास्टिक वितळून भोकाची कड वाकडी होते आणि ग्रोमेटमधून (भोकात बसवायच्या रबरी कड्यातून) पाणी गळते.

डोळे, कान, फुप्फुसे. नुसता चष्मा पुरत नाही, बाजू झाकणारा गॉगल हवा. कापताना त्यावर तोंडाची ढाल. ग्राइंडरचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, कानात बोळे हवेत. भिंतीत वायरिंगसाठी झिऱ्या पाडताना आणि ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात कायमची बसते आणि हा आजार बरा होत नाही. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लावावा आणि जिथे यंत्र त्यासाठी बनवलेले आहे तिथे पाणी सोडून कापावे. पाणी आले की आरसीसीबी आलाच.

डोळ्यात किस गेली तर चोळू नये आणि सोबत्याकडून काडीने किंवा पदराच्या टोकाने काढून घेऊ नये. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांत गंज धरतो. धुळे, जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत, तिथे त्याच दिवशी जावे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी वीज तोडावी, १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.

निगा. रोज काम संपल्यावर हवेच्या फटीतून कमी दाबाने हवा मारावी, डोळ्यांवर गॉगल ठेवून. वायर यंत्रात शिरते तिथे बोटाने वाकवून तडा पाहावा. टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे, तेवढा भाग कापून नव्याने जोडावा.

कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) ५-६ मिमी उरले की बदलावेत, दोन्ही एकदम आणि त्याच मापाचे. नवे ब्रश घातल्यावर थोड्या ठिणग्या दिसतात, त्या काही मिनिटांत कमी होतात. कम्युटेटरभोवती (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याभोवती) पूर्ण गोल ठिणगी फिरत असेल तर दोष ब्रशचा नसून आर्मेचरचा आहे. ते रिवायंडिंगवाल्याला दाखवावे. काळवंडलेला कम्युटेटर बारीक सँडपेपरने पुसावा, एमरीने नाही, कारण एमरीचे कण पट्ट्यांच्या मधल्या खाचेत अडकतात. बेअरिंग किरकिरू लागले तर लगेच बदलावे, नाहीतर आर्मेचर डळमळून फील्डला (भोवतीच्या स्थिर गुंडाळीला) घासते आणि थोडक्या पैशांतले काम अख्ख्या यंत्रावर जाते. गिअरच्या डोक्यात ग्रीस अर्धेच भरावे. ठासून भरलेले ग्रीस तापून मोटरकडे सरकते. दुरुस्तीनंतर ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे, २ मेगाओहमपेक्षा कमी आले तर यंत्र कामावर द्यायचे नाही.

टेबल ग्राइंडरवर टेकू आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नसावी. दगड झिजेल तसा टेकू पुढे घ्यावा. फट वाढली की पाते किंवा बोट खाली ओढले जाते.

बॅटरीच्या यंत्रांना इथला मे महिना जड जातो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. बहुतेक चार्जर ४०-४५ अंशांच्या पुढे चार्जिंग करत नाहीत, आणि करावेही नाही. बॅटरी दुचाकीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नये. काम संपल्यावर ती निवू द्यावी, पहाटे किंवा रात्री चार्जला लावावी आणि महिनाभर वापर नसेल तर अर्धी भरलेली ठेवून द्यावी. फुगलेली बॅटरी उघडू नये, चार्ज करू नये. घराबाहेर, सावलीत, वाळूच्या घमेल्यात ठेवून विक्रेत्याकडे परत करावी.